गाडी लुधियान्याला पाठवताय ना वहिनी, मग आधी तिला थांबायला तयार करा

विट्याच्या एका वहिनींचं पत्र आलंय. मिस्टरांचं लुधियान्यात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे, इतकी वर्षं ते तिकडं एकटेच होते, आता संक्रांत झाली की वहिनी आणि दोन वर्षांची मुलगी पण तिकडं जाणार. घरची २०१८ ची डिझेल स्विफ्ट दसऱ्याला मिस्टर येऊन गेले तेव्हा टाकी फुल करून शेडात लावलीये, मुलीला डॉक्टरकडं न्यायचं तेवढीच निघते. दीर म्हणतात "मी आणि मित्र चालवत नेतो, दोन दिवसाचं काम हाय", मिस्टर म्हणतात ट्रेलरवर टाका. फोनवर दोन कोटेशन मिळालीत, एक साडेनऊ हजार आणि एक बावीस हजार. साडेनऊवाला म्हणतो कागदं वगैरे काही लागत नाहीत, घरातलं सामान पण गाडीतच भरा, आम्ही दारातून उचलू आणि दारात देऊ. वहिनी विचारतात, दादा काय करू, आणि गाडीची तयारी काय करायची, तिकडं फार थंडी असते म्हणतात, आणि मिस्टर म्हणतात आलीस की आपण मनालीला बर्फ बघायला पण जाऊ.

वहिनी, पहिल्यांदा दिरांचं सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. चालवत नेऊ देऊ नका. विट्यापासून लुधियाना दोन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि डिसेंबरच्या मधल्यापासून ते जानेवारी संपेपर्यंत दिल्लीच्या पुढं ४४ नंबरच्या हायवेवर जे धुकं पडतं ते आपल्या महाबळेश्वरच्या पावसाळी धुक्यासारखं नसतं, पहाटे बॉनेटच्या पुढचं दिसत नाही अशी वेळ येते आणि तिथला ट्रक त्यातच रस्त्यात उभा असतो. दीर कितीही चांगले चालवत असले तरी ही सवयीची गोष्ट आहे आणि ती सवय आपल्या भागातल्या माणसाला नसते. ट्रेलरच बरोबर आहे. आणि माझं स्पष्ट मत विचारलंत तर तुम्ही दोघी पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जा, ती थेट लुधियान्याला थांबते, धुक्यामुळं लेट होईल एवढं धरून चला, आणि गाडी फेब्रुवारीच्या मध्यावर पाठवा, तोवर धुकं बरंच निवळलेलं असतं. एक महिना गाडीशिवाय निघेल का एवढं मिस्टरांना विचारा. नाही म्हणाले तर जानेवारीतच पाठवू, पण मग पुढचं सगळं जरा जास्तच नीट करावं लागेल.

आता तयारी. बहुतेक लोक गाडी पाठवायची म्हणलं की सर्व्हिसिंग करून आणतात, ऑइल बदलतात, पॉलिश मारतात, म्हणजे गाडी जणू लांबच्या प्रवासाला चालत निघालीये अशी तयारी करतात. पण ती चालणार नाहीये ना वहिनी, ती उभी राहणार आहे. आधी यार्डात उभी, ट्रेलर भरेपर्यंत, कारण सगळ्या गाड्या जमल्याशिवाय तो हलत नाही. मग ट्रेलरवर उभी. मग धुकं पडलं की ट्रेलरच ढाब्यावर उभा. मग तिकडच्या यार्डात परत उभी. उन्हाळ्यात जे आठ दिवसांत होतं त्याला थंडीत पंधरा दिवस धरा. म्हणून तिला थंडीत उभं राहायला तयार करायचं, हे एकदा डोक्यात ठेवलं की काय करायचं ते आपोआप सुचत जातं.

सगळ्यात आधी ती दसऱ्याची टाकी. आपल्याकडं डिझेलचं जे सरकारी मानक आहे त्यात उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं डिझेल वेगळं धरलंय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा. हिवाळ्याच्या डिझेलला पोअर पॉइंट जास्तीत जास्त ३ अंश चालतो आणि बाकीच्या महिन्यांत १५ अंशापर्यंत चालतो, पोअर पॉइंट म्हणजे त्याच्या खाली डिझेल घट्ट होऊन वाहायचं बंद होतं ते तापमान, आणि त्याच्या बरंच आधीच त्यातलं मेण सुटायला लागतं आणि ते फिल्टरमध्ये जाऊन बसतं. दसरा येतो सप्टेंबर नाहीतर ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तुमच्या टाकीत उन्हाळ्याचं डिझेल आहे. विट्यात ते कधीच त्रास देणार नाही, पण लुधियान्यात जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशावर येतो, कधी त्याच्याही खाली, तिथं ते डिझेल घेऊन गाडी उघड्यावर उभी राहिली तर सकाळी स्टार्ट व्हायचं नाव घेणार नाही आणि मिस्टर बॅटरीला दोष देत बसतील. तर आजपासून गाडी वापरा, मामाकडं जा, देवदर्शनाला जा, टाकी संपवा. पाठवताना टाकीत पावपेक्षा कमी डिझेल पाहिजे, तसंही ट्रान्सपोर्टवाले तेवढंच ठेवा म्हणतात, वजन आणि आगीचा धोका दोन्ही कमी. आणि तिकडं उतरली की पहिलं काम म्हणजे तिकडच्या पंपावर टाकी भरायची. निघायच्या आधी डिझेल फिल्टर नवीन टाका आणि जुन्यातलं पाणी मेकॅनिकला काढून दाखवायला सांगा. ग्लो प्लग, म्हणजे थंडीत स्टार्ट करताना डिझेल इंजिन आतून तापवतात ते, पण चेक करून घ्या, आपल्याकडं त्यांची गरजच पडत नाही त्यामुळं गेलेले असले तरी वर्षानुवर्षं कळत नाही.

बॅटरी. तिच्यावर तारीख असते ती बघा, तीन-साडेतीन वर्षांच्या वर झाली असेल तर इथंच बदला. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळं स्टार्टरला जास्त ताकद लागते, म्हणजे दोन्हीकडून मार. बदलताना देशभर सर्व्हिस असलेल्या कंपनीची घ्या आणि वॉरंटी कार्ड गाडीत न ठेवता मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बॅटरी चांगली असेल तर वायर काढायची गरज नाही, काढली तर सेंट्रल लॉक चालत नाही आणि यार्डातली पोरं काहीतरी खटपट करत बसतात. पण डॅशकॅम, चार्जर, वायरवाला जीपीएस, नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर असं जे काही उभ्या गाडीत करंट पीत राहतं ते सगळं काढा. गाडी कुठं आहे हे बघायचं असेल तर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅकर मिळतो तो सीटखाली टाका.

कुलंटचं मात्र मनापासून सांगतो, आपल्याकडं याच्याकडं कोणी बघतच नाही. रेडिएटरला पाणी कमी झालं की नळाचं पाणी ओतायचं ही आपल्या भागातली पद्धत, आणि दोन-तीन वेळा असं केलं की कुलंट नावापुरतंच राहतं. इथं फक्त गंज येतो. पण मनालीला रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि पाणी गोठताना फुगतं, मग रेडिएटर नाहीतर इंजिनचा ब्लॉकच फुटू शकतो, हा खर्च गाडीच्या भाड्याच्या कितीतरी पट आहे. सगळं जुनं काढून कंपनीचं कुलंट भरा, निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असलं की उणे ३५ च्या आसपास जाईपर्यंत काळजी नाही. तयार मिळतं ते घेतलं तर त्यात पाणी अजिबात घालायचं नाही. काच धुवायच्या टाकीतलं नळाचं पाणी पण मारून संपवा, तिकडं जाऊन वॉशर फ्लुइड भरा.

टायरमधली हवा थंडीनं कमी होते. विट्यात दुपारी ३० अंशात ३३ भरली तर लुधियान्यात ५ अंशाला ती २९ च्या आसपास दाखवेल, पंक्चर नाहीये, घाबरू नका, तिकडं परत भरायची. इथंच चार जास्त भरून पाठवायचा शहाणपणा करू नका, ट्रेलरवर पट्टे टायरवरून आवळतात. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तिथं शेवटी १८ दिसलं तर ते गाडीबरोबर आलेले टायर आहेत, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि थंड ओल्या रस्त्यावर ते धरत नाहीत. तिकडं पोचल्यावर पहिल्या पगारात नाही तरी पहिल्या महिन्यात बदला.

आता उंदीर. हसू नका. साखर कारखाने सुरू झालेत, टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आपल्या खानापूर तालुक्यातही ऊस झालाय, ऊस तुटला की रानातले उंदीर वस्तीकडं येतात आणि दोन महिने शेडात उभी असलेली गाडी त्यांना आयती मिळते. बॉनेट उघडून टॉर्चनं वायरी बघा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आणि मुलीच्या सीटच्या फटीत बिस्किटाचा चुरा असणारच, व्हॅक्युम मारून काढा, पुढच्या यार्डात पण उंदीर असतातच.

बरं आता माणसांकडं येतो. साडेनऊ हजारवाला सोडून द्या. स्वस्त आहे म्हणून नाही फक्त. मालवाहतुकीचा कायदा आहे, २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट, त्याखाली जो दुसऱ्याचा माल वाहतो त्याला नोंदणी लागते आणि नुकसान झालं तर त्याची जबाबदारी असते, पण जास्त जोखमीसाठी जास्त दर द्यायचं तुम्ही लिहून दिलं नसेल तर ती जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. म्हणजे बघा, साडेनऊ हजार भाड्यावर पंचाण्णव हजार. स्विफ्ट तेवढ्याला येते का? आणि हा तर कागदच नको म्हणतोय, म्हणजे ते पंचाण्णव पण नाहीत. बावीसवाल्याला विचारा की नोंदणी नंबर काय, जीएसटी नंबर काय, तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून कंपनीचं नाव तेच येतंय का बघा, कारण नावाजलेल्या कंपनीसारखंच एक अक्षर इकडंतिकडं करून नाव ठेवणारे खूप आहेत. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला माल घेतल्याची पावती देतो तिच्यावर, गाडीची किंमत लिहून घ्या, ही एक ओळ कुणी लिहीत नाही आणि नंतर सगळे रडतात. ट्रान्झिट इन्शुरन्स देतो म्हणाला तर पॉलिसीचा कागद मागा, "आमचं रिस्क कव्हर आहे" हे तोंडी ऐकून घ्यायचं नाही, ते बऱ्याच वेळा विमा नसतोच. तुमची स्वतःची पॉलिसी काढून बघा, फुल पॅकेज असेल तर त्यात गाडी रस्त्यानं किंवा रेल्वेनं वाहून नेताना झालेलं नुकसान पण धरलेलं असतं, नुसती थर्ड पार्टी असेल तर नसतं. संपत आली असेल तर आत्ताच रिन्यू करा, ट्रेलरवर असताना पॉलिसी संपली असं नको.

पैसे थोडे आगाऊ आणि बाकीचे डिलिव्हरीला. कुणाच्या पर्सनल यूपीआयवर पूर्ण रक्कम मागितली तर थांबा. रस्त्यात गाडी अडवून "अजून आठ हजार टाका नाहीतर गाडी उतरवत नाही" असला प्रकार झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि सरळ फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, त्याच तासाला.

सामान गाडीत भरा म्हणतोय त्याला स्पष्ट नाही म्हणा. बिल्टीवर फक्त गाडी असते, आतलं काही गेलं तर ते गाडीत होतं हेच सिद्ध होत नाही. आणि वहिनी, तुमच्या घरात दुकानाचं सामान असणार म्हणून मुद्दाम सांगतो, मुशी, भट्टीचे भाग, काटा, यातलं काही डिकीत टाकू नका आणि ॲसिडचा कॅन तर चुकूनही नाही. थंडीत उभ्या गाडीत कुणाला वास येणार नाही आणि ट्रेलर हिसके खातो, सांडलं तर तुमचीच नाही, खालच्या मजल्यावरची गाडी पण जाईल आणि उतरवणाऱ्या माणसाचा जीव. दागिन्यांचं तर बोलायलाच नको, ते अंगावर नाहीतर लॉकरला. गाडीत स्टेपनी, जॅक, पाना, बस.

"दारातून उचलू" म्हणजे काय ते पण विचारा. ट्रेलर विट्याच्या गल्लीत येत नाही. त्यांचा एक ड्रायव्हर येतो आणि तुमची गाडी कराडवरून हायवेनं चाकण नाहीतर पुण्याच्या बाजूच्या कुठल्या यार्डात चालवत नेतो, दोनशे किलोमीटरच्या वर, त्यात तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोल तुमच्या फास्टॅगमधून, आणि खंबाटकीत तो कसा चालवतो ते कुणी बघायला नाही. इथं माझ्याकडं एक चांगला उपाय आहे, दिरांना गाडी चालवायची हौस आहे ना, त्यांनाच चाकणपर्यंत नेऊ द्या. पण दिवसा. सध्या रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, अंधारात विटा-कराड रोडला निघू नका म्हणावं. आदल्या दिवशी गाडी धुवून ठेवायची, धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत, आणि त्याच दिवशी धुतली तर ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून यार्डात पंधरा दिवस उभी राहते आणि मागचे ड्रम चिकटतात. यार्डात पोचल्यावर दिरांनी उजेडात चारी बाजूंनी, टपावरून, चाकांच्या रिमचे, काचेचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढायचे आणि एक सलग व्हिडिओ, ज्यात गाडी घेणारा माणूस दिसतोय. जुने पोचे त्यांच्या फॉर्मवर स्वतः लिहायचे, ते लिहितील म्हणून थांबायचं नाही. फास्टॅगवर आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायची, नाहीतर ट्रेलर टोलवरून गेला की वरचा रीडर तुमचा टॅग वाचतो आणि उभ्या गाडीचा टोल तुम्ही भरता. एकच चावी द्यायची. आरसीची झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल नाही. परवडत असेल तर बंद कंटेनर घ्या, उघड्या ट्रेलरवर खडे लागतात आणि वरच्या गाडीचं ऑइल टपकतं. उघडाच मिळाला तर अंगावर कव्हर घालून पाठवू नका, वाऱ्यानं फडफडून तेच कव्हर रंग घासतं.

बिल्टीवर डिलिव्हरीची जागा "लुधियाना, अमुक पत्ता" अशी लिहून घ्या. कारण थंडीत काय होतं, दिल्लीकडची हवा बिघडली की तिथं निर्बंध लागतात, ट्रेलर अडकतात, आणि मग फोन येतो की गुरुग्रामच्या यार्डातून तुम्हीच घेऊन जा. मिस्टर जातील पण. पण तुमची गाडी २०१८ ची डिझेल म्हणजे बीएस-४, धुराच्या जुन्या मानकाची, आणि ग्रॅपचा, म्हणजे दिल्लीकडं प्रदूषण वाढेल तसे टप्प्याटप्प्यानं लागणाऱ्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागला की बीएस-४ डिझेल कारला दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडाकडं रस्त्यावर यायला बंदी असते आणि दंड वीस हजाराचा आहे. म्हणजे ट्रेलरच्या भाड्याएवढा दंड. म्हणून सांगायचं, उशीर चालेल, गुरुग्राम चालणार नाही.

आरटीओचं थोडक्यात. एमएच-१० च्या नंबरवर दुसऱ्या राज्यात बारा महिने चालतं, त्याच्या पुढं तिकडचा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी सांगली आरटीओची एनओसी, फॉर्म २८. आत्ताच काढायची घाई नाही, पण आरसीवर बँकेचं नाव अजून असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन ते इथं असतानाच उतरवा, आणि पेंडिंग चलन असतील ती भरा, नाहीतर नंतर एनओसी अडते आणि लुधियान्यातून सांगलीला हेलपाटे. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणजे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची आहे, बसवली नसेल तर आजच अपॉइंटमेंट घ्या, तिकडं जाऊन महाराष्ट्राची प्लेट बसवायला खटपट होईल.

गाडी पोचल्यावर मिस्टरांना सांगा, रात्री आली तर सही करायची नाही, सकाळपर्यंत थांबायला सांगायचं. दव पुसायचं, दिरांच्या फोटोंशी ताडून बघायचं, मीटर बघायचा, नवीन काही दिसलं तर त्यांच्याच कागदावर लिहून मग सही. कागदावर लिहायचं राहिलं आणि ते ऐकत नसतील तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मुदत गेली की दावा पण गेला. मग स्टार्ट करायची घाई न करता चावी एक टप्पा फिरवून ग्लो प्लगचा पिवळा दिवा विझू द्यायचा आणि मग सेल्फ मारायचा, दोन मिनिटं सावकाश चालू द्यायची, जवळच्या पंपावर डिझेल आणि हवा.

मनालीचं, मिस्टरांना माझ्याकडून सांगा, जा, नक्की जा, मुलीला बर्फ दाखवा. मनालीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर स्विफ्ट जाते. रात्री तिथं लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड, नाहीतर सकाळी ब्रेक गोठलेला असतो, आणि वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. पण सोलांगच्या पुढं, अटल टनेलकडं बर्फ पडलं असेल तर पोलीस फोर बाय फोर नाहीतर चेन लावलेल्याच गाड्या सोडतात, तिथं स्विफ्ट हॉटेलला ठेवायची आणि तिकडचीच टॅक्सी करायची.